संकष्टीचा चंद्र, वही आणि पेन्सिल

गणेशोत्सव जवळ आला की आमच्या घरी एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, तुमच्याकडे दुर्बीण आहे म्हणे. मग गणेश चतुर्थीला तुम्ही चंद्र पाहता की नाही?" स्यमंतक मण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून प्रत्यक्ष श्रीकृष्णावर चोरीचा आळ आला, तिथे आपली काय कथा! माझे उत्तर ठरलेले आहे : "त्या एका रात्री दुर्बिणीवर कापड टाकतो. वर्षातल्या बाकीच्या चतुर्थ्यांना मात्र चंद्र नुसता पाहत नाही, काढतोसुद्धा."

"काढतो" म्हणजे कागदावर पेन्सिलीने काढतो. दुर्बिणीला डोळा लावायचा आणि जे दिसते ते तिथेच बसून वहीत उतरवायचे, हा माझा गेल्या सतरा वर्षांचा छंद. क्लेमेंटीतल्या आमच्या ब्लॉकशेजारी बहुमजली कार पार्क आहे. त्याच्या उघड्या गच्चीवर, दिव्याच्या खांबाकडे पाठ करून मी बसतो. येणारे जाणारे विचारतात, "आता तर मोबाईलने चंद्राचा फोटो निघतो, मग ही मेहनत कशाला?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि आपल्यापैकी चार-पाच कुटुंबांनी तरी पुढच्या संकष्टीला वही उघडावी, हा त्यामागचा हेतू आहे.

दोन रंगांच्या पेन्सिली

मी चित्रकार नाही. शाळेत चित्रकलेत जेमतेम पास होत असे. चित्र काढायची सवय लागली ती एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला. महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावून पेशींची चित्रे काढत असू, तीही दोनच रंगांच्या पेन्सिलींनी, एक गुलाबी आणि एक जांभळी. पेशीचे केंद्रक जांभळे, बाकीचे गुलाबी. आमच्यातले हुशार विद्यार्थी स्लाइडकडे न बघताच पुस्तकातले चित्र जर्नलमध्ये उतरवत. ते चित्र सुंदर दिसे, शिक्षकांची सहीही मिळे. मीही अनेकदा तेच केले.

त्या सवयीची किंमत मला इंटर्नशिपमध्ये कळली. एका वॉर्डात सकाळी पस्तीस रुग्ण पाहायचे होते. खेड्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या केसपेपरवर मी लिहिले, "छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ." स्टेथोस्कोप गळ्यात होता, तो त्यांच्या पाठीला लावलाच नव्हता. आदल्या दिवशी तसे लिहिलेले होते, म्हणून आजही तसेच लिहिले. राउंडला सर आले. त्यांनी बाईंच्या पाठीवर डाव्या बाजूला खाली बोटाने दोनदा ठोकले आणि माझा हात धरून मलाही ठोकायला लावले. भरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज. फुफ्फुसाभोवती पाणी झाले होते. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ऐकलंस, की नुसतं लिहिलंस?"

पाणी काढले, उपचार झाले, बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पण ते वाक्य माझ्यासोबत समुद्र ओलांडून इथवर आले. आकाशाची चित्रे काढताना ते मला जितक्या वेळा आठवते, तितक्या वेळा दवाखान्यातही आठवत नसेल.

एकच चंद्र, दोन चित्रे

माहीत आहे ते आपण पाहतो आणि माहीत नाही ते डोळ्यासमोर असूनही निसटते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्राचेच आहे. इ. स. १६०९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने सहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. दुर्बिणीतून काढलेले चंद्राचे हे आज उपलब्ध असलेले पहिले चित्र. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक खडबडीत रेषा आहे आणि काही काळपट डाग आहेत. डोंगर नाहीत, विवरे नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने चंद्राची चित्रे काढली. त्याची दुर्बीण अधिक चांगली होती हे खरे, पण त्याला चित्रकलेची, विशेषतः छायाप्रकाशाची जाणही होती. ओबडधोबड वस्तूवर बाजूने उजेड पडला की सावली कशी पडते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. म्हणून खडबडीत रेषेत त्याला डोंगर आणि खड्डे दिसले. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके दिसले, तेव्हा ती पहाटेच्या उन्हात उजळलेली शिखरे आहेत हे त्याने ओळखले. १६१० च्या मार्चमध्ये ते पुस्तकरूपाने छापले गेले. त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चित्रांत विवरे दिसू लागली!

उलट बाजूचे उदाहरण मंगळाचे. १८७७ साली मिलानच्या शियापरेली यांनी मंगळावर रेषांचे जाळे काढले. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी त्या रेषांना बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे ठरवले आणि वर्षानुवर्षे तसे नकाशे काढले. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून आंतोनियादी यांनी पाहिले, तेव्हा त्या सरळ रेषांच्या जागी वेडेवाकडे सुटे डाग निघाले. लॉवेल खोटे बोलत नव्हते. डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके मेंदू आपोआप जोडून टाकतो आणि हात तसे काढतो. तेव्हा चित्र काढल्याने नजर तयार होते, पण मनात आधीच ठरवून बसलात तर तेच चित्र फसवतेही. हा धोका पुढे माझ्याही वाट्याला आला.

विजयदुर्गावरचे ओटे

आकाशाच्या चित्रांशी आपल्या कोकणाचाही संबंध आहे. माझे आजोळ देवगड तालुक्यातले. मे महिन्याच्या सुट्टीत विजयदुर्गावर गेलो की मामा "साहेबाचे ओटे" दाखवायचा आणि सांगायचा, "इथून इंग्रज साहेबाने सूर्याचे ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला." हीच गोष्ट तिथे आजही सांगितली जाते.

मोठेपणी वाचल्यावर कळले की गोष्टीत दोन ग्रहणे एकत्र झाली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला होता, पण त्या वेळी फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते आणि नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटाचा अभ्यास केला. लॉकियरसाहेब विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी.

त्या मोहिमेची एक बाब मला फार आवडते. ब्रिटिश आरमाराचे मेल्पोमीनी हे जहाज तिथे मदतीला होते. त्यावरचे अधिकारी आणि खलाशी यांच्यातून स्वयंसेवक निवडले, त्यांचे गट पाडले आणि ग्रहणाच्या आधी त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या. त्यांतल्या काहींचे काम होते फक्त सूर्याच्या प्रभामंडळाचे चित्र काढणे. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची!

कॅमेरे होते, वर्णपट घेणारी यंत्रे होती, मग खलाश्यांच्या हातात पेन्सिल का? कारण प्रभामंडळाचा आतला भाग फार तेजस्वी आणि बाहेरचा फार फिकट असतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर एक नीट आला तर दुसरा बिघडे. डोळा मात्र दोन्ही एकदम पाहू शकतो. आणि अनेक माणसे का? कारण ग्रहणात शेजारी उभ्या असलेल्या दोघांची चित्रेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, हा त्या शतकातला नेहमीचा अनुभव होता. चित्रे एकमेकांची न बघता काढली, तर जे सर्वांत आढळते ते खरे असण्याचा संभव जास्त. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे, तसेच हे.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ ठोकला होता, हेही नमूद करायला हवे. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौसेने आकाश पाहण्याची परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे.

शनीची काळी रेघ

सिंगापूरला आल्यावर ज्युरॉंग ईस्टच्या सायन्स सेंटरमधल्या वेधशाळेत मी पहिल्यांदा शनी पाहिला. आमच्या क्लेमेंटीहून पुढचेच स्टेशन. शुक्रवारी रात्री तिथे लोकांना दुर्बिणीतून पाहू देत असत. २००९ साली स्वतःची सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. त्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे धार करून होती, म्हणून माझ्या वहीतला पहिला शनी म्हणजे सुईत ओवलेला मणी. मग दरवर्षी एक चित्र. कडी हळूहळू उघडत गेली, २०१७ मध्ये सर्वांत जास्त उघडी होती, पुन्हा मिटत गेली आणि २०२५ मध्ये परत सुई! वहीची पाने भराभर उलटली की शनी डोळा उघडून मिटल्यासारखा वाटतो. असा योग सुमारे पंधरा वर्षांनी येतो.

त्या वहीत २०२२ च्या ऑगस्टमधले एक पान आहे, त्यावर मी नंतर तिरकी रेघ मारली आहे. त्या रात्री हवा धुरकट होती. मी ४८ पट मोठे दाखवणारा आयपीस लावून शनी काढला आणि कड्यात एक बारीक काळी रेघ ओढली. ही कॅसिनीची फट. १६७५ साली सापडली, सर्व पुस्तकांत असते. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने दुर्बिणीतून पाहिले, मग वही पाहिली, पुन्हा दुर्बिणीतून पाहिले आणि विचारले, "बाबा, ही काळी रेघ मला दिसत नाही. तुला दिसते?"

मी परत डोळा लावला. दहा मिनिटे पाहिले. रेघ नव्हती. त्या हवेत, तेवढ्या शक्तीला ती दिसणे शक्यच नव्हते. मी ती पुस्तकातून आणून चिकटवली होती. वॉर्डातले ते वाक्य तीस वर्षांनी कार पार्कच्या गच्चीवर परत ऐकू आले. स्यमंतकाच्या गोष्टीत श्रीकृष्णावरचा आळ खोटा होता, माझ्यावरचा खरा होता!

तेव्हापासून आमच्या घरी तीन नियम आहेत. दिसले तेवढेच काढायचे. शंका असेल तिथे शेजारी प्रश्नचिन्ह लिहायचे. आणि दोघांनी काढायचे असेल, तर दोन्ही चित्रे पुरी होईपर्यंत एकमेकांची वही पाहायची नाही.

डोळ्याची तयारी

थोडे वैद्यकीय. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. मध्यभागी शंकूच्या आकाराच्या, ज्यांना रंग आणि बारकावे दिसतात, पण भरपूर उजेड लागतो. त्यांच्या सभोवती दंडाच्या आकाराच्या, ज्यांना रंग कळत नाही, पण अगदी मंद प्रकाशही दिसतो. या दंडपेशींतले द्रव्य उजेडात विरते आणि अंधारात पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात कोणी मोबाईल उघडला की सगळी तपश्चर्या फुकट. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावावा. मंद लाल प्रकाशाचा या पेशींवर फार कमी परिणाम होतो. चंद्र किंवा ग्रह काढायचे असतील तर इतकी खबरदारी लागत नाही, तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांच्यासाठी मात्र लागते.

अगदी फिकट वस्तूकडे थेट पाहिले तर ती नाहीशी होते, कारण पडद्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात. तेव्हा नजर किंचित बाजूला ठेवावी. उजवा डोळा लावला असेल तर वस्तूच्या थोडे उजवीकडे पाहावे, डावा असेल तर डावीकडे. म्हणजे वस्तू डोळ्याच्या अंध बिंदूवर येत नाही. वय वाढते तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर होत जाते. आपल्या चित्रापेक्षा मुलांच्या चित्रात फिकट तारे जास्त असतील, तर त्यांना खोडायला सांगू नका!

एक सूचना डॉक्टर म्हणून. सूर्याकडे दुर्बिणीतून क्षणभरही पाहू नये. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य गाळणी बसवल्याशिवाय ते डोळ्याला कायमचे नुकसान करते, आणि पडद्याला वेदना होत नसल्यामुळे त्या वेळी कळतही नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सिंगापुरातून कंकणाकृती ग्रहण दिसले, तेव्हा आम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून पांढऱ्या कागदावर प्रतिमा घेतली आणि तिच्याच कडेवरून पेन्सिल फिरवली.

साहित्य आणि कृती

साहित्य घरातलेच. एक कोरी वही, एच.बी. आणि २ बी पेन्सिल, खोडरबर, कापसाची काडी, पाठीला पुठ्ठा आणि लाल टॉर्च. बसायला स्टूल हवेच, उभ्याने हात स्थिर राहत नाही. दुर्बीण नसेल तर साधी द्विनेत्रीही चालेल, फक्त ती खांबाला टेकवून धरावी. आपल्या दमट हवेत काचेवर बाष्प धरते, म्हणून वातानुकूलित खोलीतून आणलेली दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवावी.

१. घरूनच वाटीच्या कडेने पाच-सहा सेंटिमीटरचे वर्तुळ आखून ठेवावे. हे आयपीसमधून दिसणारे क्षेत्र.

२. पाच मिनिटे नुसते पाहावे. पेन्सिल उचलू नये.

३. दिशा ठरवावी. दुर्बीण न हलवता ठेवली की वस्तू ज्या कडेकडे सरकत जाईल ती पश्चिम. तिथे "प" लिहावे. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, तेव्हा अंदाजाने दिशा लिहू नये.

४. आधी ठळक खुणा. तारे असतील तर सर्वांत तेजस्वी दोन-तीन, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा ठरवून. चंद्र असेल तर संपूर्ण चंद्र काढायच्या भानगडीत पडू नये. एक विवर, फार तर दोन.

५. सावल्यांच्या कडा आधी, रंगकाम मागाहून. चंद्रावर उजेड-अंधाराची सीमा विषुववृत्तापाशी ताशी सुमारे १५ किलोमीटरने सरकते, म्हणजे सायकलच्या वेगाने. पाऊण तास लावला तर चित्राचा एक कोपरा नऊचा आणि दुसरा पावणेदहाचा होतो.

६. फिकट भाग कापसाच्या काडीने पसरावा. रात्री काढलेल्या कच्च्या चित्रात दुसऱ्या दिवशी आठवणीने काहीही भरू नये.

७. तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, जागा, दुर्बीण, आयपीस आणि हवा कशी होती हे लिहावे. या नोंदीशिवाय चित्र म्हणजे नाव न लिहिलेला रक्ताचा नमुना.

विनायकी आणि संकष्टी

आता या लेखाचा मुख्य अभ्यास. शुद्ध चतुर्थीला म्हणजे विनायकीला चंद्र कोवळा असतो. संध्याकाळी साडेसात-आठला पश्चिमेला दिसतो. आपण विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहोत, म्हणून इथे कोर उभी नसून होडीसारखी आडवी असते. वद्य चतुर्थीला म्हणजे संकष्टीला तो रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास उगवतो. वरच्या बाजूने थोडा कापलेला दिसतो. (पंचांगातल्या चंद्रोदयाच्या वेळा भारतातल्या गावांच्या असतात, सिंगापूरची वेळ वेगळी पाहावी.)

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा-बारा अंशांचे अंतर. चतुर्थी ही अमावास्येनंतरही चौथी आणि पौर्णिमेनंतरही चौथी. त्यामुळे गंमत अशी की दोन्ही चतुर्थ्यांना चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमा साधारण एकाच जागी, चंद्राच्या पूर्वेकडच्या भागात असते. फरक एवढाच की विनायकीला तिथे सूर्य उगवत असतो आणि संकष्टीला मावळत असतो. विनायकीला सीमेच्या पूर्वेचा भाग उजळलेला आणि सावल्या पश्चिमेकडे पडलेल्या. संकष्टीला नेमके उलट. पंधरा दिवसांच्या अंतराने एकाच डोंगराची पहाट आणि तिन्हीसांज!

कुठे पाहायचे? त्या भागात एक काळपट लंबगोल मैदान आहे, सुमारे पाचशे किलोमीटर रुंद. त्याचे लॅटिन नाव "मारे क्रिसियम", अर्थ "संकटांचा सागर". विनायकीला तो उन्हात स्वच्छ दिसतो आणि संकष्टीच्या रात्री अंधारात बुडालेला किंवा बुडत असतो. तिथी चंद्रोदयाच्या वेळी किती झाली आहे त्यावर थोडे पुढेमागे होते. नाव देणाऱ्यांना आपली संकष्टी ठाऊक असण्याचे कारण नाही, हा केवळ योगायोग. पण आमच्या आईला हे सांगितले तेव्हा तिने उपास सोडण्याआधी प्रथमच दुर्बिणीला डोळा लावला.

त्याच्या दक्षिणेला लँग्रेनस आणि पेटाव्हियस ही मोठी विवरे विनायकीला पाहावीत, दोन्हींच्या मध्यभागी डोंगर आहेत. उत्तरेला ॲटलस आणि हर्क्युलिस ही जोडी संकष्टीला छान दिसते. वर्षभर दोन्ही चतुर्थ्यांना एकच विवर काढून पाहा. एका चतुर्थीला ते अंधारात असेल तर तसे लिहा. भाद्रपदातली विनायकी तेवढी सोडा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हरकत नाही!

क्लेमेंटीहून आणखी काय

आपले आकाश दिव्यांनी उजळलेले असते, म्हणून फिकट तेजोमेघ फारसे दिसत नाहीत. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना मात्र त्याची बाधा होत नाही. जानेवारी ते मार्च मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर असते. त्यातल्या तेजोमेघाच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा छोटा चौकोन काढावा. एप्रिल ते जून उत्तरेकडे सप्तर्षी आणि दक्षिणेकडे त्रिशंकू एकाच संध्याकाळी दिसतात. विजयदुर्गाहून त्रिशंकू क्षितिजापासून जेमतेम तेरा-चौदा अंश वर येतो, इथे तो जवळजवळ तीस अंश वर येतो. त्याच्या शेजारच्या नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्या भागातून पाहणे सोपे. ध्रुवतारा मात्र इथे क्षितिजावर टेकलेला, तो दिसत नाही. लग्नात नवरीला ध्रुव दाखवायचा तर सिंगापुरात अडचणच! अरुंधती तेवढी दाखवता येते. सप्तर्षींतल्या वसिष्ठाकडे दुर्बीण लावली की शेजारी अरुंधती, आणि खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा निघतो. मुलांच्या पहिल्या चित्रासाठी याहून सोपे काही नाही, कागदावर तीनच ठिपके.

दोन वह्या

गेल्या वर्षीच्या एका संकष्टीची गोष्ट सांगून थांबतो. मुलगी आता पंधरा वर्षांची. तिचे मराठी अर्धे इंग्रजी आहे आणि माझ्याशी गप्पा मारायला तिला वेळ नसतो, पण संकष्टीला ती गच्चीवर येते. त्या रात्री आकाश आमच्या नशिबाने मोकळे होते. ठरल्याप्रमाणे आम्ही आळीपाळीने आयपीसपाशी बसलो आणि संकट-सागराच्या पश्चिम काठची सीमारेषा आपापल्या वहीत काढली. ब्लॉकमधले एक चिनी शेजारी आजोबा नेहमीप्रमाणे येऊन उभे होते. चंद्रावरचा काळा आकार त्यांना औषध कुटणारा ससा दिसतो, आपल्यालाही ससाच दिसतो, यावर आमचे दोघांचे एकमत फार पूर्वीच झालेले आहे.

दोन्ही वह्या उघडल्या. रेषा बऱ्यापैकी जुळत होत्या. पण तिच्या चित्रात अंधाराच्या बाजूला, सीमेपासून सुटा, एक बारीक पांढरा ठिपका होता. शेजारी वेळ लिहिलेली, १०.५२. माझ्या चित्रात तिथे नुसता काळोख.

मी म्हटले, "खोडरबराचा डाग असेल." ती म्हणाली, "बाबा, परत बघ." मी पाहिले. होता. मावळत्या उन्हात एकट्याने उजळलेले शिखर, गॅलिलिओने पाहिले होते तसेच. अर्ध्या तासाने ते आणखी बारीक झाले आणि पुढे दिसेनासे झाले.

मला ते का दिसले नव्हते? माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, हे नेत्रतज्ज्ञ मित्राने दोन महिन्यांपूर्वीच सांगितले होते. मी ते कोणाला सांगितले नव्हते. गच्चीवरून उतरताना लिफ्टमध्ये तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी तू डावा डोळा लाव. आणि वहीत कोणता डोळा ते लिही."

ते मी आता लिहितो. त्या रात्रीच्या माझ्या पानावर मात्र ते शिखर नाही. दाखवल्यावर दिसले ते माझे निरीक्षण नव्हे, म्हणून मी ते काढले नाही. ते फक्त तिच्या वहीत आहे, तिच्या हस्ताक्षरातल्या वेळेसह.

वाचकहो, पुढच्या संकष्टीला मोदकांची वाट पाहताना एक वही आणि एक पेन्सिल घेऊन खाली उतरा. दुर्बीण नसेल तर आमच्या कार पार्कच्या गच्चीवर या, एक स्टूल रिकामे आहे.